धामणीच्या धनुष्याच्या पोटावर आडव्या रेघा आणि पाठीवर उठलेली ढलपी: दुरुस्ती शक्य आहे का?

सातपुडा_पायथा (प्रश्न)

नमस्कार. धामण या झाडाच्या लाकडाच्या एकाच फाळीतून तासून तयार केलेल्या माझ्या धनुष्याला दोन ठिकाणी इजा झाली आहे. ते वाचवता येईल का, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे. धनुष्याची लांबी साडेपाच फूट असून रुंदी मुठीजवळ दीड इंच आणि टोकांशी अर्धा इंच आहे. २६ इंचांपर्यंत ओढल्यावर ताणकाटा सुमारे ४० पौंड दाखवतो. लाकूड करवतीने न चिरता पाचर ठोकून फाडलेले होते आणि टोकांना मेण लावून सावलीत वाळवलेले होते.

पहिली इजा खालच्या बाहूच्या (मुठीखालच्या वळणाऱ्या भागाच्या) पोटावर, म्हणजे ओढणाऱ्याकडे तोंड असलेल्या बाजूवर आहे. मुठीपासून वीतभर अंतरावर तिथे केसासारख्या बारीक आडव्या रेघा उमटल्या आहेत. धनुष्य उजेडात तिरपे धरले की त्या दिसतात आणि त्यांवरून नख फिरवले की अडकते. दोरी उतरवल्यावरही त्या जागी बाहूला थोडा बाक राहतो. दुसरी इजा वरच्या बाहूच्या पाठीवर आहे. लाकडाची रेषा जिथे कडेकडे उतरते, तिथे दोन इंच लांबीची एक ढलपी उठली आहे आणि तिच्या टोकाखाली कागदाची कड सरकते.

आमच्याकडच्या एका अनुभवी सुतारकाकांनी दोन्ही ठिकाणी गोंद भरून वरून दोरा घट्ट गुंडाळण्याचा सल्ला दिला आहे. तो दोन्ही इजांना सारखाच लागू पडेल का?

रंधा_आणि_पटाशी

आपण जागा आणि दिशा नेमकी सांगितली आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. काकांचा सल्ला ढलपीच्या बाबतीत योग्य आहे. रेघांच्या बाबतीत मात्र त्याचा काहीही उपयोग होणार नाही. ढलपीविषयी इतर सदस्य अधिक अधिकाराने लिहू शकतील, म्हणून मी पोटाविषयीच सविस्तर लिहितो.

धनुष्य ओढले की पाठीकडचे तंतू ताणले जातात आणि पोटाकडचे दाबले जातात. बहुतेक लाकडे तंतूंच्या दिशेने जितका ताण सोसतात, त्याच्या निम्म्याच्या आसपासच दाब सोसू शकतात, म्हणून पाठ शाबूत असतानाही पोट आधी हार खाते. आपल्याला दिसणाऱ्या आडव्या रेघा म्हणजे दाबाखाली तंतू मुडपून एकमेकांवर बसल्याच्या खुणा आहेत. ती फट नव्हे, त्यामुळे गोंद जाण्यासाठी तिथे पोकळी नसते आणि मुडपलेला तंतू गोंदाने पुन्हा सरळ होत नाही. दोरा गुंडाळण्याचे काम उघडू पाहणारी गोष्ट मिटवून धरण्याचे असते. इथे काही उघडत नसून चिरडले जात आहे, आणि त्यावर दोरा बांधल्याने फक्त रेघा झाकल्या जातील आणि त्या वाढत आहेत की नाहीत हे कळण्याची सोयही नाहीशी होईल.

रेघा नेमक्या तिथेच का उमटल्या, हे शोधल्याशिवाय पटाशीला हात लावू नये. बाहूचा ताठरपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. अर्धा इंच जाडीच्या बाहूवर एखाद्या ठिकाणी सव्वा मिलिमीटर, म्हणजे दहा टक्के लाकूड जास्त निघाले, तर तिथला ताठरपणा सुमारे २७ टक्क्यांनी घटतो आणि बाहू सगळा बाक त्या एकाच जागी घेऊ लागतो. माझा अंदाज आहे की आपला खालचा बाहू त्या वीतभर जागेत बिजागरीसारखा वळत असावा आणि त्याच्या पुढचा भाग जवळजवळ काठीसारखा सरळ राहत असावा.

हे डोळ्यांवर सोडू नका, कारण रुंदी निमुळती असली की नजर फसते. सहा इंच लांबीचा, एक बाजू अगदी सरळ रंधलेला लाकडी ठोकळा घ्या. धनुष्याला दोरी चढवून तो पोटावर मुठीकडून टोकाकडे हळूहळू सरकवत न्या आणि त्याच्या मध्याखाली किती फट दिसते ते पाहा. फट जिथे एकदम वाढते तिथे बाहू जास्त वळतो आहे आणि जिथे ती दिसतच नाही तिथे तो अजिबात वळत नाही. ठोकळ्याच्या मधोमध भोक पाडून त्यात पेन्सिल अशी बसवली की तिचे टोक थोडेसेच बाहेर राहील, तर ताठ जागांवर पेन्सिल आपोआप खूण करत जाते. ज्या जागा रंगतील तिथेच खरवडायचे आणि रेघांच्या आसपासच्या वीतभर भागाला स्पर्शही करायचा नाही.

रेघा उथळ असतील तर एवढ्यानेही धनुष्य वाचते. बाकीचा बाहू वळू लागला की दुखऱ्या जागेवरचा भार उतरतो आणि रेघा तिथल्या तिथे थांबतात. मग वरचा बाहूही त्याच्याशी जुळवून घ्यावा लागेल आणि धनुष्याचे वजन, म्हणजे ते ओढायला लागणारा जोर, ४० पौंडांवरून ३० ते ३२ पौंडांपर्यंत उतरेल, हे मात्र स्वीकारावे लागेल. मला हा सौदा नेहमीच योग्य वाटतो. रेघा खोल असतील तर तेवढे लाकूड काढून ठिगळ बसवावे लागते, पण आधी ठोकळ्याची परीक्षा करून कळवा.

शेफील्डची_मराठी

पाठीवरच्या ढलपीविषयी मी लिहिते. मी इथे इंग्लंडमध्ये यू आणि ॲश या लाकडांची लांब धनुष्ये करायला शिकले आणि त्या शिक्षणातला मोठा भाग पाठ कशी राखावी याचाच होता. यूच्या खोडात बाहेरचे पांढरे लाकूड ताण सोसणारे आणि आतला तांबूस गाभा दाब सोसणारा असतो, म्हणून पाठीवर पांढऱ्या लाकडाचा थर ठेवून पोट गाभ्याचे करतात. १५४५ मध्ये बुडालेले आणि १९८२ मध्ये समुद्रातून वर काढलेले मेरी रोझ या युद्धनौकेचे अवशेष पोर्ट्समथच्या संग्रहालयात आहेत. तिच्यातून यूची दीडशेहून अधिक धनुष्ये मिळाली. ती जवळून पाहिली की लक्षात येते, कारागिराने पाठ सरळ करण्याचा अट्टहास केलेला नाही. खोड जसे वळले तशी पाठ वळली आहे आणि गाठी आल्या तिथे त्यांच्याभोवती लाकूड जास्त राखले आहे. पाठीवरचा प्रत्येक तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड जावा, हाच त्यामागचा हेतू आहे.

आपल्या धनुष्यात जिथे रेषा कडेकडे उतरते तिथे हे तंतू मध्येच तुटले आहेत आणि ताण आल्यावर त्यांची मोकळी टोके उचलली गेली. आता सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ढलपी कुठवर गेली आहे ते पाहणे. कापसाचा एक बोळा पाठीवरून दोन्ही दिशांनी हलकेच ओढा; जिथे तंतू सुटले असतील तिथे कापसाचे धागे अडकून राहतील. मग धनुष्य अगदी किंचित वाकवून, वाकलेले असतानाच ढलपीचे मूळ भिंगाखाली पाहा. चीर तंतूंच्या दिशेने लांबट जात असेल तर दुरुस्ती भरवशाची होते. तीच चीर तंतूंना आडवी जात असेल किंवा बाहूच्या कडेवरून खाली पोटाकडे उतरत असेल, तर ते धनुष्य पुन्हा ओढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चीर लांबट असेल तर ढलपी उचकटून मोठी करू नका. धनुष्य किंचित वाकवले की ती जेवढी उघडेल तेवढ्याच फटीत पाण्यासारखा पातळ सुपरग्लू टोकाकडून सोडा; तो आपोआप आत ओढला जातो. फट कागद सरकण्याइतकी मोठी असल्यास सावकाश वाळणारा, दोन नळ्यांतला इपॉक्सी गोंद किंचित गरम करून भरा. लगेच धनुष्य सोडून सरळ होऊ द्या, मेणकागद ठेवून शिकंजा आवळा आणि एक रात्र तसेच राहू द्या. नंतर ढलपीच्या दोन्ही टोकांच्या इंचभर पलीकडपर्यंत तागाचा किंवा रेशमाचा दोरा शेजारी शेजारी वेटोळे घालत गुंडाळा आणि त्याच गोंदाने भिजवा. काकांनी सांगितलेला दोरा इथे खरोखर उपयोगाचा आहे. फर्निचरचा साधा पांढरा गोंद मात्र या कामी टाळा, कारण सतत ताण राहिला की तो हळूहळू सरकतो.

सातपुडा_पायथा

आपल्या दोघांचे मनापासून आभार. ठोकळा फिरवून पाहिला. रेघांच्या जागी फट ठळक दिसते आणि त्यापुढच्या दोन वितींमध्ये ती जवळजवळ नाहीच. दोन रेघा इतरांहून खोल आहेत. ढलपीची चीर लांबट असून कडेपर्यंत गेलेली नाही.

आणखी तीन शंका आहेत. पाठीवर बांबूची पट्टी चिकटवली तर पोटावरचा भार कमी होईल का? ठिगळासाठी धामण मिळाली नाही तर दुसरे कोणते लाकूड चालेल? आणि पावसाळा तोंडावर असताना हे काम आता करावे की थांबावे? हिमालयात यू होते असे वाचले आहे. ते मागवता येईल का, हेही कळले तर बरे होईल.

कोकणी_कळक

बांबूच्या पट्टीचा विचार कृपया सोडून द्या. बांबूचे बळकट तंतू त्याच्या सालीलगत सर्वांत दाट असतात, म्हणून सालीची बाजू पाठीवर घेतली की ताण सोसण्यात तिची बरोबरी फार थोडी लाकडे करतात. पण धनुष्याची पाठ जितकी बळकट, तितका पोटावरचा दाब वाढतो. ज्याचे पोट आधीच मुडपले आहे अशा धनुष्याला बांबूची पाठ दिली, तर रेघा वाढून बाहू तिथेच मोडण्याची शक्यता अधिक. आपल्या सातपुड्यातील भिल्ल कारागीर संपूर्ण धनुष्यच बांबूचे करतात आणि त्याची दोरीही बांबूच्याच पातळ पट्टीची असते. तिथे पाठ आणि पोट एकाच जातीचे असल्यामुळे हा विरोध उद्भवत नाही. नवे धनुष्य करायचे मनात असेल तर त्या भागातल्या जाणत्या माणसाकडे बसून भरीव मानवेल बांबूचे काम शिकावे, असे मी आग्रहाने सुचवीन. पुस्तकात न मिळणारे बरेच काही तिथे मिळते.

ठिगळासाठी तुती वापरून पाहा. तुतीचे लाकूड चिवट आहे आणि जालंधरच्या क्रीडासाहित्याच्या कारखान्यांत हॉकीच्या काठ्यांसाठी ते पूर्वापार वापरले जाते. शेताच्या बांधावरचे जुने झाड छाटले जात असेल तर मनगटाएवढी सरळ फांदीही पुरेशी होईल. यूचा विचार मात्र नको. हिमालयातील यू, ज्याला उत्तराखंडात थुनेर म्हणतात, कर्करोगावरील औषधासाठी झालेल्या बेसुमार तोडीमुळे धोक्यात आलेला वृक्ष आहे आणि त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. धामणही जंगलातून परवानगीशिवाय आणू नये.

आता पावसाळ्याविषयी. हवेतील आर्द्रता ५० टक्के असताना लाकडात साधारण ९ टक्के पाणी राहते आणि धनुष्याला हीच स्थिती मानवते. आर्द्रता ८५ टक्क्यांवर अनेक दिवस टिकली की ते प्रमाण १७-१८ टक्क्यांपर्यंत चढते, लाकूड दाबाला नरम पडते आणि प्रत्येक ओढीबरोबर कायमचा बाक घेते. उलट खानदेश-विदर्भातील कडक उन्हाळ्यात ते ४-५ टक्क्यांवर येऊन ठिसूळ होते आणि तेव्हा पाठ तडकण्याची भीती असते. तेल, मेण किंवा व्हार्निश हा बदल मंदावतात, थांबवत नाहीत. त्यामुळे माझा सल्ला असा की गोंदाचे काम पाऊस सुरू होण्याआधी उरका, दोरी उतरवून धनुष्य भिंतीवरच्या दोन खुंट्यांवर आडवे ठेवा आणि ओढून पाहण्याचे काम दसऱ्यानंतर, हवा कोरडी झाल्यावर हाती घ्या. कोपऱ्यात उभे करून ठेवलेले धनुष्य स्वतःच्या वजनाने आणि जमिनीच्या ओलीने वाकडे होते, हे विशेष लक्षात ठेवावे.

रंधा_आणि_पटाशी

दोन रेघा खोल आहेत म्हणता, तेव्हा ठिगळ बसवणेच बरे. रेघांच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच जागा घेऊन पोटावर लांबट, उथळ खळगा करा. त्याचा तळ मधोमध सर्वांत खोल असावा आणि दोन्ही टोकांशी तो इतका हळू वर यावा की बोटाला पायरी लागू नये, कारण पायरी राहिली की नवी रेघ तिच्याच काठावर उमटते. खोल रेघा पूर्ण नाहीशा होईपर्यंत खरवडा, पण बाहूच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खाली जावे लागले तर थांबा. तसे असेल तर त्या बाहूत वाचवण्याजोगे फार काही उरलेले नाही.

ठिगळाचे तंतू बाहूच्या तंतूंना समांतर ठेवा आणि त्याची खालची बाजू खळग्याला खडू लावून पुन्हा पुन्हा जुळवा. खडू सर्वत्र सारखा उमटू लागला की बसणी झाली. इथे गोंदाला उचकटणारा ताण नसतो, फक्त सरकवणारा भार असतो, म्हणून नीट बसलेले ठिगळ वर्षानुवर्षे टिकते. ठिगळ आधी पोटाच्या पातळीपेक्षा थोडे उंच ठेवा, वाळल्यावर पातळीला आणा आणि त्यानंतरच पुढच्या दोन ताठ वितींमधले लाकूड पेन्सिलच्या खुणांप्रमाणे कमी करा. काम पटाशीने न करता कानशीने किंवा काचेच्या धारदार तुकड्याने करा, म्हणजे एका फटक्यात जास्त लाकूड निघणार नाही. प्रत्येक वेळी थोडे खरवडल्यावर धनुष्य कमी अंतरापर्यंत वीस-तीस वेळा ओढून सोडायचे, कारण काढलेल्या लाकडाचा परिणाम तेवढ्या ओढींनंतरच खरा दिसतो.

दसऱ्यानंतर पहिली ओढ हाताने मुळीच करू नका. मूठ भिंतीवरच्या भक्कम खुंटीवर टेकवा, दोरीला बांधलेला सोल खालच्या कप्पीतून घ्या आणि बाजूला दहा फूट उभे राहून ओढा. डोळ्यांवर चष्मा हवाच. आधी १५ इंचांपर्यंत, मग दर वेळी इंचभर वाढवत २६ पर्यंत जा आणि प्रत्येक टप्प्यावर ठिगळाची टोके व ढलपीवरचा दोरा पाहा. दोऱ्याखालून टिचकीसारखा आवाज आला किंवा ठिगळाच्या टोकाशी पांढरी रेघ दिसली, तर तिथेच सोल सोडा आणि इथे छायाचित्र टाका.