अपंग व्यक्तीने आधी 'तयार' व्हावे, की आधी प्रवेश आणि काम मिळावे?

धागाकर्ती:
शालेय शिक्षण संपलेल्या अपंग मुलाला पूर्वतयारीच्या एका अभ्यासक्रमातून दुसऱ्यात आणि तिथून संरक्षित कार्यशाळेत (फक्त अपंगांसाठी वेगळ्या चालवलेल्या कामाच्या जागेत) पाठवत राहायचे, खरे महाविद्यालय किंवा खरी नोकरी मात्र 'तो तयार झाला की' असे म्हणून पुढे ढकलायची, ही रीत मोडली पाहिजे. तीव्र मानसिक आजार असलेल्यांसाठी अमेरिकेत १९९०च्या दशकात एक पद्धत रुजली. तीत आधी खुल्या बाजारातली, नेहमीच्या वेतनाची नोकरी शोधली जाते आणि शिकवणे, सोबत, सल्ला हे सर्व ती सुरू असताना दिले जाते. अनेक देशांतील चाचण्यांत, आधी प्रशिक्षण घेणाऱ्यांपेक्षा या मार्गाने गेलेल्यांना नोकरी मिळण्याचे प्रमाण जास्त आढळले.

एक विशेष शिक्षक:
मी असहमत आहे. मानसिक आजाराबाबतचा हा पुरावा सरसकट सर्वांना लावता येत नाही. ज्या अंध विद्यार्थ्याला ब्रेल, पांढऱ्या काठीने फिरणे आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी संगणक प्रणाली) यांपैकी काहीच नीट शिकवलेले नाही, त्याला थेट पदवीच्या वर्गात बसवणे म्हणजे त्याचे पहिले वर्ष वाया घालवणे होय. त्या अपयशानंतर घरचेच लोक 'आम्ही म्हणत होतोच' असे म्हणतात आणि मग दुसरी संधी मिळत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे.

धागाकर्ती:
ब्रेल आणि काठी यांबद्दल आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. ती कौशल्ये लहानपणीच मिळायला हवीत. माझा आक्षेप ज्या तयारीला शेवटच नसतो तिला आहे. गणिताची सूत्रे चित्ररूपात छापलेली असतील, तर स्क्रीन रीडर कितीही उत्तम चालवता आला तरी ती वाचता येत नाहीत. तो दोष अभ्याससाहित्याचा आहे आणि विद्यार्थ्याला आणखी एक वर्ष थांबवून तो दूर होणार नाही.

मनुष्यबळ विभागात काम करणारा:
तत्त्व चांगले आहे, पण भार कोण उचलणार? पंधरा माणसांच्या आस्थापनेला सांकेतिक भाषेचा दुभाषी रोज परवडत नाही. सक्ती केली की मालक मुलाखतीतच काही तरी कारण काढून नकार देतात.

धागाकर्ती:
म्हणूनच तो भार एकट्या मालकावर असू नये. जर्मनीत किमान २० पदे असलेल्या मालकाला ५ टक्के पदे तीव्र अपंगत्व असलेल्यांना द्यावी लागतात. न दिल्यास शासनाने ठरवलेली रक्कम भरावी लागते आणि तो पैसा कामाच्या जागी बदल करण्यासाठीही वापरला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या अपंग हक्क करारातही वाजवी सोयीची, म्हणजे त्या व्यक्तीच्या गरजेनुसार केलेल्या बदलांची, अपेक्षा आहे, अवाजवी भाराची नाही. शिवाय लेखी सूचना देणे, कामाच्या पाळीची वेळ बदलणे किंवा शांत जागी टेबल ठेवणे, यांना जवळजवळ खर्चच येत नाही. खर्चाचे कारण पुढे करण्याआधी त्या उमेदवाराला नेमके काय लागते, एवढे तरी विचारले जावे.

एक पालक:
माझी भीती वेगळी आहे. मुलगी कमावू लागली की तिचा भत्ता बंद होईल आणि चार महिन्यांत नोकरी सुटली, तर पुन्हा सगळी प्रमाणपत्रे गोळा करत फिरावे लागेल. अशा वेळी तिला घरी ठेवणे हा भित्रेपणा नसून हिशेब आहे.

विशेष शिक्षक:
या मुद्द्यावर धागाकर्तीकडे उत्तर आहे का? माझे अनेक विद्यार्थी अभ्यासात कमी पडत नाहीत. ते नेमके इथेच अडतात.

धागाकर्ती:
आहे, पण ते उत्तर पालकांनी नव्हे, शासनांनी द्यायचे आहे. अमेरिकेत कमाईमुळे भत्ता बंद झालेल्या व्यक्तीला त्याच अपंगत्वामुळे काम सोडावे लागले, तर पाच वर्षांच्या आत नवा अर्ज न करता तो पूर्ववत करण्याची मागणी करता येते आणि निर्णय होईपर्यंत तात्पुरती रक्कमही मिळू शकते. जिथे अशी तरतूद नाही, तिथे या ताईंना 'धीर धरा, मुलीला पाठवा' असे सांगण्याचा अधिकार मला नाही. तिथे आधी त्या तरतुदीसाठीच भांडावे लागेल.