मदत हवी आहे: सरदार सरोवराच्या फुगवट्यात तळाचा प्राणवायू कसा मोजावा?

नमस्कार. मी शहादा येथील एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. माझे काही विद्यार्थी अक्राणी तालुक्यातील नर्मदाकाठच्या बुडीत गावांचे असल्यामुळे, जलविद्युत धरणाचा नदीच्या जीवसृष्टीवर होणारा परिणाम हा विषय आम्ही यंदा प्रकल्पासाठी घेतला आहे.

वाचायला मिळते ते बहुतेक ब्राझीलचे. तेथील बाल्बिना धरणाखाली सुमारे २,३६० चौरस किलोमीटर क्षेत्र गेले आणि वीजनिर्मितीची क्षमता मिळाली अवघी २५० मेगावॉट. न तोडलेले जंगल पाण्यात कुजत राहिले, तळाचा प्राणवायू संपला आणि मिथेन बाहेर पडू लागला. उष्ण प्रदेशात वरचे पाणी तापून हलके राहते व खालच्या गार पाण्यात सहजासहजी मिसळत नाही, हे कारणही समजते. परंतु आपला जलाशय सातपुडा आणि विंध्य यांमधल्या अरुंद दरीत आहे, त्याची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर असली तरी उन्हाळ्यात पाणी बरेच खाली उतरते, आणि उघड्या पडलेल्या गाळावर कुठे गाळपेर होते तर कुठे नुसते गवत माजते. पावसाळ्यात पाणी चढले की धसकटांसह ते सगळे पुन्हा बुडते. बुडालेले मूळ जंगल कधीतरी कुजून संपेल; दरवर्षी नव्याने बुडणाऱ्या या पाल्याचे काय, हे मला विचारायचे आहे.

केवळ जाळ्यात येणाऱ्या माशांवरून निष्कर्ष काढणे मला पटत नाही. वाहत्या पाण्यातला, गोट्यांच्या तळावर अंडी घालणारा खडस (महसीर) मासा संथ पाण्यात कमी होणे स्वाभाविक आहे. पण मच्छीमार संस्था कटला-रोहूचे बीजही सोडतात, त्यामुळे धरणाचा परिणाम कोणता आणि बीजाचा कोणता, हे वेगळे करता येत नाही. आमच्याकडे विरघळलेला प्राणवायू मोजणारा डीओ मीटर नाही. नमुने कुठून आणि कोणत्या महिन्यांत घ्यावेत?

उत्तर:

सर, आपली शंका रास्त आहे. फ्रेंच गयानातील पेती सो जलाशय १९९४ मध्ये भरू लागला, तेव्हा सुरुवातीच्या वर्षांत मिथेन वायू फार निघाला आणि पुढे तो घटत गेला. पाण्यात हवा मिसळावी म्हणून धरणाच्या खालच्या अंगाला मुद्दाम बंधाराही घालावा लागला. पाणी उतरणाऱ्या पट्ट्यातील गवत मात्र दरवर्षी नवा माल पुरवते. त्याचा परिणाम मुख्य पात्रापेक्षा नाल्यांच्या मुखाशी, उथळ खाड्यांमध्ये आधी दिसेल, म्हणून सप्टेंबरचे नमुने तेथून घ्यावेत. मुख्य पात्रात मे आणि जानेवारी यांची तुलना करावी, कारण थर उन्हाळ्यात पक्के असतात आणि थंडीत वरचे पाणी गार होऊन मिसळते.

मीटर नसला तरी रसायने घालून प्राणवायू मोजण्याची विंकलर पद्धत पुरेशी आहे. वजन बांधलेल्या बाटलीने तळाचे पाणी काढून, बुडबुडा न अडकू देता, बोटीतच मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घालावे. हातमोजे हवेतच. साका तपकिरी झाला तर प्राणवायू आहे. पांढराच राहिला तर जवळपास नाही, हे विद्यार्थ्यांना तिथल्या तिथे दिसेल. आम्ल घालणे आणि थायोसल्फेटचे अनुमापन प्रयोगशाळेत करावे. नमुन्याला कुजक्या अंड्यांचा वास आला तर तशी वेगळी नोंद ठेवावी, कारण सल्फाइड असल्यास ही पद्धत प्राणवायू प्रत्यक्षाहून कमी दाखवते.