सगळ्यांना सारखंच मिळणार असेल तर खाणीत कोण उतरणार? (बेलामीचं लुकिंग बॅकवर्ड)

अर्धवट_वाचक:
अमेरिकन लेखक एडवर्ड बेलामीचं 'लुकिंग बॅकवर्ड' वाचतोय, कादंबरी आहे, १८८८ ची. बॉस्टनचा ज्युलियन वेस्ट, घरचा श्रीमंत, झोप लागत नाही म्हणून तळघरातल्या खोलीत मेस्मरिझम (संमोहन) करून घेऊन झोपतो तो थेट २००० साली जागा होतो. पुढे गोष्ट अशी फारशी नाहीच, तिथे ज्यांच्या घरी राहतो ते डॉक्टर लीट नव्या जगाबद्दल बोलत राहतात आणि हा आश्चर्य करत राहतो. सगळे उद्योग सरकारचे, वयाच्या २१ ते ४५ पर्यंत प्रत्येकाने 'औद्योगिक सैन्या'त काम करायचं, मग रिटायर. नोटा-नाणी नाहीत, दरवर्षी प्रत्येकाच्या कार्डावर सारखीच रक्कम जमा होते, हुशार असो नाहीतर मठ्ठ. माझं घोडं इथेच अडलंय. सगळ्यांना सारखंच मिळणार असेल तर लोक मस्तपैकी ऑफिसात बसतील ना, खाणीत कशाला मरायला जातील? (निम्मं वाचायचंय अजून, शेवट सांगू नका प्लीज)

रिकामटेकडा:
अहो याचं उत्तर पुस्तकातच आहे, भरभर वाचत गेलात वाटतं. पैसे सारखे पण तास सारखे नाहीत. ज्या कामाला लोकांची झुंबड उडते तिथले तास वाढवायचे, जिथे कोणी फिरकत नाही तिथले कमी करायचे, म्हणून खाणीतल्या माणसाचा दिवस अगदी छोटा असतो. आणि एखादं काम इतकं धोक्याचं असेल की तास कमी करूनही कोणी येईना, तर सरकारने ते विशेष जोखमीचं म्हणून जाहीर करायचं, देश तुमचा ऋणी राहील वगैरे, की मानासाठी तरुण पोरं धावत येतात म्हणे. बाकी पहिली ३ वर्षं तर कोणालाच चॉईस नाही, सांगतील ते अंगमेहनतीचं काम, त्यामुळे पडेल ती कामं करायला माणसं कायम हाताशी असतात.

खडूस_आजोबा:
म्हणजे बाजार पुढच्या दाराने हाकलला आणि मागच्या दाराने आत घेतला. मजुरी पैशात नाही, वेळेत मोजली एवढाच फरक! वाईट आयडिया नाही हं, पण मग 'स्पर्धा संपली' असं छाती ठोकून सांगू नये. शिवाय बिल्ले आहेतच, खालच्या श्रेणीला लोखंडी, मधल्या श्रेणीला चांदीचा, वरच्या श्रेणीला सोनेरी. पोट सगळ्यांचं सारखं भरतं पण छातीवर काय लावलंय ते लोक बघतातच.
मला खरं खटकलं ते वेगळंच. अंगात ताकद असून जो काम करायला नाहीच म्हणतो त्याला एकांत कोठडी आणि पाव-पाणी, तो हो म्हणेपर्यंत. लीटसाहेब हे इतक्या गोड आवाजात सांगून जातात की वाचणाऱ्याला कळतही नाही.

नदीकाठी:
हेच वाचून इंग्रज लेखक विल्यम मॉरिस वैतागला होता. तोही समाजवादीच, पण त्याचं म्हणणं असं की हा माणूस कामाचे तास कमी करण्याच्या मागे लागलाय, आणि मुळात काम हे संकटच आहे असं धरून चाललाय, ते काम सुखाचं कसं होईल हे बघतच नाही. मग १८९० मध्ये त्याने स्वतःच्या कल्पनेतल्या भविष्यातल्या जगाचं 'न्यूज फ्रॉम नोव्हेअर' लिहिलं. त्यात पण 'नाही म्हणणारे' आहेत बरं का! गवत कापायचा हंगाम आहे, सगळं गाव मजेत शेतावर निघालंय आणि काही जण येत नाहीत, का तर ते घर बांधतायत, एक बाई दगडात कोरीवकाम करतेय आणि तिला ते सोडवत नाही. लोक त्यांना हसतात, चिडवतात आणि पुढे जातात. बेलामीकडे नकार दिला की पाव-पाणी, इथे नुसती थट्टा. दोन्ही पुस्तकांमधला सगळा फरक माझ्या मते एवढ्यात आला.
पण खरं सांगू का, मॉरिसच्या जगात कोळसा कोण काढतं हे माझ्या काही लक्षात राहिलं नाही, बेलामीने निदान तो हिशेब मांडला तरी.

खडूस_आजोबा:
@नदीकाठी शेवटचं वाक्य सोडून सगळं मान्य. हिशेब मांडला, पण मत कोणाला आहे ते पण बघा. जे सैन्यात राबतायत त्यांनी वरचे अधिकारी निवडायचे नाहीत, शिस्त बिघडेल म्हणून! निवडणार कोण तर रिटायर झालेले. वेस्टचं घर संपांमुळे रखडलेलं असतं आणि त्यापायी लग्न पुढे ढकललेलं असतं ना सुरुवातीला, संपाची ती धास्ती पुस्तकभर आहे, म्हणून तर सैन्य.

अर्धवट_वाचक:
धन्यवाद सगळ्यांना, तासांचं ते प्रकरण परत वाचलं, खरंच निसटलं होतं. बाय द वे आता लेखकांच्या भागावर आलोय. पुस्तक छापायचं तर पहिल्या आवृत्तीचा खर्च स्वतःच्या कार्डातून करायचा, आणि खपलं, तर मानधन पुरेल तितके दिवस सैन्यातून सुट्टी. म्हणजे खाणीतून सुटायचा एक रस्ता हापण आहे, बेलामीने स्वतःची सोय बरोबर करून ठेवलीये :)