चर्चा: सुविचार आपल्याला का भावतात?

धागाकर्ता (शहापूर, बेळगाव):
उद्यमबागेतील ज्या कारखान्यात मी काही वर्षे काम केले, त्याच्या दारावर ‘कायकवे कैलास’ हे कन्नड वचन मोठ्या अक्षरांत रंगवलेले होते आणि त्याखाली महात्मा बसवेश्वरांचे नाव होते. श्रम हाच कैलास, असा त्याचा अर्थ. जादा तासांच्या मजुरीचा विषय निघाला की साहेब हसून त्या पाटीकडे बोट दाखवीत. तेव्हापासून शाळेच्या फळ्यापासून मोबाइलवरील सकाळच्या संदेशापर्यंत सर्वच सुविचारांकडे मी संशयाने पाहतो.

माझे मत असे की, सुविचार आपल्याला विचार करण्याच्या कष्टातून सोडवतो, म्हणून तो आवडतो. यमक असलेले वचन त्याच अर्थाच्या यमकहीन वाक्यापेक्षा लोकांना अधिक खरे वाटते, असे मॅकग्लोन आणि तोफिगबक्श या मानसशास्त्रज्ञांना २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले. ‘अति तेथे माती’ हे आपण मान डोलावून ऐकतो. ‘प्रमाण सुटले की नुकसान होते’ असे कोणी फळ्यावर लिहिले, तर गुरुजींची प्रकृती बरी नसावी असे वाटेल.

निपाणीकर:
आपला राग साहेबांवर आहे आणि शिक्षा वचनाला होत आहे. माझ्या आईने आयुष्यभर विड्या वळल्या. हजार विड्यांमागे मजुरी, त्यातही खराब म्हणून काढून टाकलेल्या विड्यांची तूट. अशा दिवसांत तुकोबांच्या अभंगातील एखादा चरण ती सूप मांडीवर घेऊन स्वतःशीच पुटपुटत असे. तिला वाचता येत नव्हते आणि ग्रंथ ऐकण्याइतकी सवडही नव्हती. ओवी, अभंग, शरणांची (बसवेश्वरांच्या परंपरेतील शिवभक्तांची) वचने, कन्नड कवी सर्वज्ञाची तीन ओळींची त्रिपदी हे सारे इतके आटोपशीर आहे, ते ज्यांचे हात कामात गुंतलेले असतात त्यांनाही पाठ व्हावे म्हणूनच. तिने विचार टाळला असे म्हणण्याचे धाडस मी तरी करणार नाही.

धागाकर्ता:
आपल्या मातोश्रींविषयी मला आदरच आहे. तरीही ‘हे अगदी माझ्यासाठीच सांगितले आहे’ ही भावना फसवी असू शकते, एवढे मान्य करावे. १९४८ साली मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांना स्वभाववर्णनाचा एकच मजकूर, प्रत्येकाचा स्वतंत्र म्हणून, वाचायला दिला. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला ५ पैकी सरासरी ४ हून अधिक गुण दिले. मोबाइलवरचे ‘वाईट दिवसही जातात’ याच जातीचे आहे. ते कोणालाही लागू पडते.

खानापूरकर:
आपण दोघेही त्या पाटीवरून फार लवकर पुढे गेलात. ‘कायकवे कैलास’ हे शब्द बाराव्या शतकातील शरण आयदक्की मारय्या यांच्या वचनात येतात. बसवेश्वरांच्या नावावर ते सर्रास सांगितले जातात, कारण मोठ्या नावाखाली वचनाला वजन येते. मारय्या कल्याणात (आजच्या कर्नाटकातील बसवकल्याणात) सांडलेले तांदूळ वेचून उपजीविका करीत आणि त्यातूनच जंगमांचे, म्हणजे लिंगायत साधूंचे, दासोह (अन्नदान) चालवीत. एके दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्कम्मा यांनी, ही हाव राजांना शोभते, शिवभक्तांना नव्हे, असे सुनावून जास्तीचे तांदूळ परत टाकून यायला सांगितले, अशी कथा आहे. म्हणजे ज्या घरातून हे वचन आले, तिथे गरजेपेक्षा जास्त घेणाऱ्याला दारातूनच परत पाठवले जात होते. साहेबांनी मारय्यांचे दोन शब्द घेतले आणि लक्कम्मांना बाहेर ठेवले.

माझ्या मते वचन कोण कोणाला ऐकवतो, यावर बरेच अवलंबून आहे. निपाणीकरांच्या आई ते स्वतःला ऐकवत होत्या.

निपाणीकर:
हे पटले, पण अर्धेच. आधी कथा, मग वचन, अशी अट घातली तर माझ्या आईसारख्यांच्या हाती काही उरणार नाही. तो चरण कोणत्या प्रसंगातला, हे तिला कधीच ठाऊक नव्हते, आणि त्यामुळे तिचे काही अडलेही नाही.

धागाकर्ता:
लक्कम्मांची गोष्ट मला माहीत नव्हती. जादा तासांच्या वेळी ती हाताशी असती तर बरे झाले असते. तो कारखाना मी सोडला असला, तरी पाटी अजून तिथेच आहे. खालचे नाव चुकले आहे, हे साहेबांना कळवावे म्हणतो. मात्र ते दुरुस्त करायला गेले, तर नव्या रंगाचा खर्च कोणाच्या पगारातून निघेल, याची धास्ती वाटते.