कंपवातावरील संशोधनाचा पैसा नेमका कुठे जावा?

धागाकर्ता :
जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सन्सच्या विकाराचे, वर्णन केले आणि लेवोडोपा हे औषध १९६०च्या दशकाच्या अखेरीस रुग्णांना मिळू लागले. त्याला अर्धशतक उलटून गेले, तरी मेंदूतील डोपामाइन (हालचालींचे नियंत्रण करणारे रसायन) तयार करणाऱ्या पेशींचा ऱ्हास थांबवते असे सिद्ध झालेले एकही औषध आपल्यापाशी नाही. जे आहे ते लक्षणे आटोक्यात ठेवणारे. म्हणून सार्वजनिक निधीचा मोठा वाटा मूलभूत संशोधनालाच मिळावा, असे माझे मत आहे. औषध कंपन्यांनी इतक्या अनिश्चित कामात वर्षानुवर्षे पैसा घालावा, ही अपेक्षा व्यवहाराला धरून नाही.

प्रतिसाद १ :
असहमत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात ८५ लाखांहून अधिक लोकांना कंपवात होता आणि त्यांतल्या पुष्कळांना, विशेषतः गरीब देशांत, साधे लेवोडोपाही नियमित मिळत नाही. मी वडिलांची शुभंकर, म्हणजे त्यांची काळजी घेणारी, आहे. गिळताना लागणारा ठसका, चालता चालता पाऊल जमिनीला खिळणे, रात्रीची अपुरी झोप, या गोष्टींनी आमचा दिवस ठरतो. व्यायाम आणि वाचोपचार (बोलणे व गिळणे सुधारण्याचे उपचार) यांचे पेटंट घेता येत नाही, त्यामुळे त्यांच्या मोठ्या चाचण्यांना पैसा देणारेही विरळाच. तुमच्या मूलभूत संशोधनात यांना जागा आहे का?

प्रतिसाद २ :
माझ्या मते दोघेही मोजमापाचा प्रश्न विसरत आहात. हालचालींतील लक्षणे दिसेपर्यंत संबंधित पेशींचा फार मोठा भाग नष्ट झालेला असतो, आणि चाचणीत प्रगती मोजायची ती मुख्यतः डॉक्टरांनी पाहून दिलेल्या गुणांवर. इस्रॅडिपीन आणि एक्झेनाटाइड ही दोन्ही औषधे आशा दाखवून तिसऱ्या टप्प्यातील, म्हणजे मान्यतेपूर्वीच्या मोठ्या, चाचणीत अपयशी ठरली. पाठीच्या कण्यातील द्रवात विकृत अल्फा-सिन्यूक्लिन (कंपवातात मेंदूतील पेशींत साठणारे प्रथिन) ओळखणाऱ्या तपासणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष आश्वासक आहेत. पैसा आधी तिकडे द्यावा.

प्रतिसाद १ :
ती तपासणी विकृत प्रथिन आहे की नाही एवढेच सांगते. आजार किती वाढला हे तिच्यावरून अद्याप विश्वासाने सांगता येत नाही. मग औषधाने तो मंदावला हे तरी कशावरून ठरवणार?

धागाकर्ता :
हा आक्षेप रास्त आहे, आणि व्यायामाच्या चाचण्यांना सार्वजनिक निधी मिळावा हेही मला मान्य आहे. (अमँटाडीन मुळात फ्लूचे औषध, त्याचा कंपवातात होणारा उपयोग एका रुग्णाच्या अनुभवातून योगायोगाने लक्षात आला, त्यामुळे रुग्णांचे अनुभव मी कमी लेखत नाही.) मात्र लेवोडोपाच्या पुरवठ्याचा खर्च आरोग्यसेवेच्या तरतुदीतून व्हावा, संशोधनाच्या नव्हे.

प्रतिसाद १ :
त्या तरतुदीत कंपवाताच्या वाट्याला खरोखर काय आले, ते आधी दाखवा. मग मी संशोधनाच्या पैशाला हात लावा असे म्हणणार नाही.