मदत हवी आहे : बाईचा नकार दाखवणारा चौथा चित्रपट कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

आम्ही काही मैत्रिणी मिळून चार चित्रपट बघून चर्चा करणार आहोत. विषय आहे पुरुषी सत्तेपुढे बाईचा प्रतिकार. तीन ठरले, चौथ्यावर गाडी अडली आहे.

पहिला 'कुंकू' (१९३७). म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लावलेलं लग्न शांता आपटेंची नायिका मान्यच करत नाही. त्या काळात हे पडद्यावर आलं, याचं मला अजून नवल वाटतं. दुसरा 'उंबरठा'.

तिसरा 'मिर्च मसाला'. शेवटच्या तिखटाच्या माऱ्याबद्दल सगळेच बोलतात, पण मला त्याच्या आधीचा भाग जास्त छळतो. वासनांध सुभेदारापासून पळून सोनबाई मिरचीच्या कारखान्यात आसरा घेते आणि आतल्याच बायका घाबरून तिला सुभेदाराकडे जा म्हणू लागतात. बाहेर मुखीची, म्हणजे गावच्या प्रमुखाची, बायको मात्र बायकांना गोळा करून थाळ्या वाजवते. म्हणजे धीर आणि भीती, दोन्ही बायकांमध्येच आहेत. चर्चा इथेच रंगेल असं वाटतं.

चौथा असा हवा की ज्यात बाई हातात शस्त्र घेत नाही, सूडही उगवत नाही. रोजच्या जगण्यात हट्टाने आपली जागा धरून ठेवते. नायिका उतारवयातली असेल तर फारच छान. शेवटी एखादा भला पुरुष येऊन सोडवतो, असा मात्र नको.

भाषा कुठलीही चालेल, उपशीर्षकं हवीत. नावासोबत त्यातला कोणता प्रसंग चर्चेला घ्यावा, तेही कृपया लिहा.