रडकी गाणी ऐकायला मुंबईला कशाला जायचं म्हणे

चोपड्याची_पोर:
परवा केळीवाला_रावेर यांनी इथे टाकलं की मुंबईला मेहुण्याकडे गेलो होतो, त्याच्या पोरांनी सिगरेट्स आफ्टर सेक्सच्या शोला ओढून नेलं, सगळी गाणी एकाच चालीत, कोणी नाचेना, कोणी शिट्टी मारेना, लोक मयतीला आल्यासारखे उभे, एवढ्या पैशात ठिबकच्या नळ्या आल्या असत्या. वाचून डोकं फिरलं, म्हणून लांबलचक लिहितेय.
अहो दादा, तो बँडच तसा आहे! २००८ साली टेक्सासमधल्या एल पासोला ग्रेग गोन्झालेझने सुरू केला, तेव्हापासून संथच वाजवतात. गिटारला इतका रिव्हर्ब, म्हणजे घुमणारा आवाज, की सूर संपता संपत नाही, ड्रमवाला जपून जपून मारतो, आणि गाणारा पुरुष आहे हे तर मला कितीतरी दिवस माहीतच नव्हतं. भजनाला जाऊन ढोलताशा कुठंय विचारता का तुम्ही? जानेवारी २०२५ च्या मुंबईच्या शोला मी पण होते. हॉस्टेलला रात्री एकटीने ऐकलेली गाणी तिथे सगळ्यांना तोंडपाठ, आधी तर रागच आला, माझं होतं ना ते, मग शेजारच्या अनोळखी मुलीबरोबर मीही गायला लागले. हे फोनवर होत नाही.

केळीवाला_रावेर:
ताई, मयतीचं मागे घेतो. मयतीला लोक एकमेकांशी बोलतात तरी.
आणि मी बँड बघितलाच कुठे, पुढच्या चार जणांच्या मोबाइलमध्ये बघितला. घरी आल्यावर आप्पांनी विचारलं काय बघून आला, आता त्या बँडचं नाव आप्पांसमोर कसं घ्यायचं सांगा, म्हटलं कीर्तन होतं.

धुळेकर_वैतागलेला:
तुम्ही जळगाव-भुसावळवाले निदान रेल्वेच्या मेन लाइनवर आहात. आमच्याकडे इंग्रजांच्या काळातला चाळीसगावचा फाटा, बास. मनमाड-इंदूर ३०९ किमीला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, पेढे वाटून झाले, गाडी कधी बसायला मिळणार ते सांगा. कसला बँड नि कसलं काय.

चोपड्याची_पोर:
धुळेकर, प्रत्येक धाग्यावर रेल्वे??

अमळनेरी_भो:
मला एक कळत नाही, उदास व्हायला ४०० किमी कशाला? आपले अहिराणीवाले पोरं बघा. ना कंपनी ना मॅनेजर, गावातल्या स्टुडिओत रेकॉर्डिंग, शेतात शूटिंग, स्वतःचं चॅनेल, आणि व्ह्यूज कोटीत. ते गोरे चारदोन मिनिटं तोच सूर धरतात तर तुम्ही तिकीट काढता, आपल्या पोराला हळदीत फुकट नाचवता.

भुसावळ_यार्ड:
कोटीत व्ह्यूज म्हणजे गाणं चांगलं का? लग्नसराईत आमच्या गल्लीत रात्री डीजे, खिडकीच्या काचा थरथरतात, आई बीपीची गोळी घेऊन बसलेली. सगळ्या गाण्यांत पोरगी, मामा आणि गाडी. त्यापेक्षा तो मयतीवाला बँड परवडला, निदान झोप तरी लागेल.

अमळनेरी_भो:
डीजे लावतो कोण, गाणारा का? तुमच्यासारख्यांनाच अहिराणी बोलायची लाज वाटते, पोरं इंग्लिश मीडियमला घातली की आजीशी पण हिंदीत बोलतात.

भुसावळ_यार्ड:
माझ्या घरात लेवा बोलतात भो, आजही. माझ्या पोरांवर जाऊ नको. बहिणाबाई आमच्याच बोलीतली.

केळीवाला_रावेर:
आली का बहिणाबाई. वाटच बघत होतो.

वर्षा_पुणे_मूळ_शहादा:
दोघं थांबा जरा. अहिराणी म्हणजे फक्त हळद नाही हो. श्रावणात आपली खान्देशची देवी कानबाई बसते, रात्रभर गाणी, आणि सोमवारी निरोप देताना माझ्या आजेसासूबाईंचा आवाज असा काही लागायचा की अंगणातले पुरुष पण गप्प. चाल तीच, परत परत, कोणी तक्रार नाही केली की संथ आहे. पण ती गाणी कोणी नीट रेकॉर्ड करत नाही, कारण त्यावर नाचता येत नाही. अमळनेरी दादा, तुमच्या कोटीवाल्यांना सांगा ना.

अमळनेरी_भो:
हे मात्र खरं शे ताई. भुसावळवाल्यासाठी नाही, तुमच्यासाठी मान्य.

चोपड्याची_पोर:
मग असं काही जळगावलाच करा की. दर जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सवाला लोक शांत बसून ऐकतातच, म्हणजे आपल्याकडे ऐकणारे नाहीत हे चूक. कानबाईची गाणी, सोबत एखादा गिटारवाला पोरगा, अंधार, बास.

केळीवाला_रावेर:
येईन. तिकीट पण काढेन. फक्त आधी दीपप्रज्वलन, मग सत्कार, मग नारळ-शाल, मग आमदारांना उशीर झाला म्हणून सूत्रसंचालकाच्या चारोळ्या, हे नको.

भुसावळ_यार्ड:
सत्काराशिवाय हॉल कोण देतो भो?